विद्यापीठ निवडतांना घरची वही

बारावीचा निकाल लागला कीं पाथर्डींत दोन तऱ्हेच्या चर्चा बरोबरच सुरू होतात: एक पावसाची आणि दुसरी प्रवेशाची. दोहोंतही अंदाज पुष्कळ आणि खात्री थोडी असते. मोहट्याच्या गडावर ढग जमले म्हणजे ते बरसतीलच असें नाहीं, हें या अवर्षणी तालुक्यांतील शेतकऱ्याला अनुभवानें ठाऊक आहे. पण मोठ्या विद्यापीठाच्या नांवाचा गडगडाट कानीं आला म्हणजे पुढें नोकरीचा पाऊस पडेलच, असा भरंवसा मात्र तोच शेतकरी चटकन् धरून बसतो. हिशेबशास्त्र आणि वित्तव्यवहार या विषयांची पदवी घ्यावयाची, तर ती कोणत्या विद्यापीठाची घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच शांतपणें तोलून पाहण्यासारखा आहे.

एक साधें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. पाथर्डी तालुक्यांतील एका खेड्यांतली मुलगी वाणिज्य शाखेंतून बारावी झाली आहे. गुण चांगले आहेत. घरची चार एकर कोरडवाहू जमीन. तींत बाजरी आणि तूर जेमतेम पिकते. दिवाळी झाली कीं आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुलीला आंकड्यांची उपजत आवड आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, तींतली फिटली किती आणि खाडे किती दिवसांचे लागले, याची वही घरांत प्रथम तिनेंच घातली. आणि एका वर्षीं एकच खाडा दोनदां लावला गेल्याचें तिनें मुकादमाला दाखवून दिलें. तेव्हांपासून आसपासचीं चार घरें आपला हिशेब तिच्याकडे घेऊन येतात. अशा मुलीनें हिशेबशास्त्र शिकावें, याविषयीं घरांत दुमत नाहीं. दुमत आहे तें कोठें शिकावें याविषयीं.

मामा पुण्याचें नांव सांगतो. मुंबईंत नोकरीस असलेला शेजारचा तरुण म्हणतो, शिकावें तर मुंबईंतच. एका खासगी विद्यापीठाचें गुळगुळीत माहितीपत्रकही घरांत आलें आहे. त्यावर कांचेच्या इमारती मोठ्या आहेत आणि शुल्काचा आंकडा बारीक अक्षरांत आहे. बाप म्हणतो, "एक एकर काढूं, पण पोरीला चांगल्या ठिकाणीं घालूं." आई एवढेंच विचारते, "तिथं जें शिकवितात, तें इथं शिकवीत नाहींत का?"

आईचा प्रश्न साधा दिसला तरी विद्यापीठनिवडीचें अर्धें शास्त्र त्यांत आलें आहे.

महाराष्ट्रांतील विद्यापीठांची घडण अशी आहे, कीं अभ्यासक्रम ठरविणें, परीक्षा घेणें आणि पदवी देणें हें काम विद्यापीठाचें. पदवीपर्यंतचें प्रत्यक्ष अध्यापन बहुतांशीं संलग्न महाविद्यालयांचें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि पुढें नव्वदांहून अधिक वर्षें नगरकडचा विद्यार्थी, तो पुण्यास शिको वा मुंबईस, त्याच विद्यापीठाचा पदवीधर होत असे. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ निघालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरु. २०१४ सालीं त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. पुणें, नाशिक आणि अहमदनगर हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रांत येतात. यांपैकीं शेवटच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी लोकांच्या तोंडीं अजून नगरच आहे. त्यामुळें पाथर्डीचें बाबूजी आव्हाड महाविद्यालय, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं १९४७ सालीं नगरांत स्थापन केलेलें अहमदनगर महाविद्यालय आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९४३ सालीं पुण्यांत काढलेलें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, या तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्याला मिळणारी बी.कॉम. ही पदवी एकाच विद्यापीठाची असते. केवळ पदवीपत्रावरील विद्यापीठाच्या नांवासाठीं करंजीचा घाट उतरून पुणें गांठणाऱ्याच्या पदरीं त्या बाबतींत कांहींच अधिक पडत नाहीं.

याचा अर्थ तिन्ही ठिकाणें सारखींच, असा मात्र होत नाहीं. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयासारख्या कांहीं संस्थांना स्वायत्तता मिळालेली आहे. त्या आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः आंखतात, पदवी मात्र विद्यापीठाची देतात. शिवाय शिक्षक, ग्रंथालय, बरोबरीचे विद्यार्थी आणि त्या शहरांत कामाचा अनुभव मिळण्याची सोय, यांत फरक असतो व तो मोठा असतो. म्हणून विद्यापीठाची निवड म्हणून जो प्रश्न घरोघर चर्चिला जातो, तो वस्तुतः महाविद्यालयाच्या निवडीचा प्रश्न असतो. मुंबईचें सिडनहॅम महाविद्यालय हें याचें बोलकें उदाहरण आहे. आशियांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ख्याति. १९१३ पासून शतकाहून अधिक काळ तें मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालीं होतें. २०१९ सालीं नव्यानें निघालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचें तें घटक झालें. विद्यापीठाचें नांव बदललें, म्हणून तेथील ग्रंथालयांतलीं पुस्तकें कांहीं बदललीं नाहींत.

तेव्हां नांव बाजूस ठेवून पहिली कसोटी लावावी ती ही, कीं पदवी कशासाठीं हवी आहे? हिशेबशास्त्राच्या क्षेत्रांत पदवी आणि परवाना या दोन भिन्न वस्तु आहेत. कंपन्यांचे हिशेब तपासून त्यांवर सही करण्याचा अधिकार बी.कॉम. पदवीनें मिळत नाहीं. तो सनदी लेखापालाला, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटला आहे. त्या व्यवसायासाठीं १९४९ चा कायदा आहे आणि त्या कायद्यान्वयें १ जुलै १९४९ रोजीं सनदी लेखापालांची संस्था अस्तित्वांत आली. परिव्यय लेखापालांसाठीं १९५९ चा आणि कंपनी सचिवांसाठीं १९८० चा असे निराळे कायदे आहेत. सनदी लेखापालाची पहिली पायरी म्हणजे फाउंडेशन परीक्षा. बारावीनंतर ती देतां येते, आणि तिला बसणारा विद्यार्थी कोणत्या विद्यापीठांत नांव घालून आहे याची त्या परीक्षेला कांहीं पर्वा नसते. हिशेब, व्यापारी कायदे, गणित व सांख्यिकी, आणि अर्थशास्त्र असे तिचे चार विषय. वाणिज्याची पदवी निदान ५५ टक्के गुणांनीं मिळविणाऱ्यास ही पहिली पायरी माफ असते. पुढें नामांकित लेखापालाच्या हाताखालीं उमेदवारी करावी लागते. २०२३ सालच्या नव्या योजनेपासून तिची मुदत दोन वर्षांची आहे. जिला ही सनदच हवी आहे, तिनें पदवीच्या वर्षांत अभ्यासाला वेळ आणि मनाला स्वस्थता कोठें मिळेल हें आधीं पाहावें. मोठ्या शहराचा लाभ उमेदवारीच्या काळांत अधिक होतो.

दुसरा मार्ग सहकाराचा. हा जिल्हा सहकाराचें माहेरघर. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं उभा राहिला. खुद्द पाथर्डी तालुक्यांत वृद्धेश्वर कारखाना आहे. आणि पतसंस्था व दूधसंस्था तर गांवोगांव आहेत. या संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वळूं इच्छिणाऱ्या पदवीधरांसाठीं राज्याच्या सहकार खात्याची सहकार व लेखा पदविका आहे, तिला जी.डी.सी. अँड ए. असें म्हणतात. कोणत्याही मान्य विद्यापीठाचा पदवीधर तिला बसूं शकतो. हें काम किती मोलाचें आहे, तें नगरच्या लोकांना निराळें सांगावयास नको. २०२३ च्या ऑक्टोबरांत रिझर्व्ह बँकेनें शतकाहून जुन्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवींना विम्याचें संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंतच असतें. त्यापुढच्या रकमेच्या ठेवीदाराला वाट पाहणेंच उरतें. हिशेब नीट ठेवणारीं आणि निर्भयपणें तपासणारीं माणसें गांवांत असणें, ही त्या जिल्ह्याची विहिरीइतकीच निकडीची गरज आहे.

दुसरी कसोटी अभ्यासक्रमाची. साधी बी.कॉम. ही रुंद वाट. तिच्यांत हिशेबाबरोबर अर्थशास्त्र, कायदा, बँकिंग यांचाही परिचय होतो. मुंबई विद्यापीठानें 'अकाउंटिंग अँड फायनान्स' या नांवाची निराळी बी.कॉम. ठेवली आहे, तींत हिशेब, कर, लेखापरीक्षण आणि वित्त यांवर अधिक भर असतो, परंतु ती बहुधा विनाअनुदान चालते, सबब तिचें शुल्क अनुदानित बी.कॉम.हून पुष्कळ अधिक असतें. बी.बी.ए. या पदवीसाठीं २०२४ पासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, उदाहरणार्थ १९२६ सालीं निघालेल्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्समध्यें, प्रवेश हवा असेल तर २०२२ पासून केंद्रीय सामाईक परीक्षा आवश्यक आहे. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधीं भरावे लागतात. निकालानंतर जागें होणाऱ्या घराला त्या वर्षापुरती ती वाट बंद झालेली असते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आतां तीन वर्षांच्या पदवीपुढें चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवीही आहे. अमुक महाविद्यालयांत तें चौथें वर्ष चालतें कीं नाहीं, हें पहिल्या दिवशींच विचारून घ्यावें.

परदेशचा विचार करणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंग्लंडांतील हिशेब आणि वित्त या विषयाची पदवी तीन वर्षांची असते व तेथील व्यावसायिक परीक्षांत तिनें कांहीं विषयांची सूट मिळते. तथापि हिंदुस्थानांत परत येऊन हिशेबतपासनीस म्हणून सही करावयाची झाल्यास येथील सनद घ्यावीच लागते.

तिसरी कसोटी खर्चाची; आणि येथें हिशेब शिकूं पाहणाऱ्या मुलीनें आपली पहिली खतावणी घरचीच घालावी. माहितीपत्रकांतील शुल्क हें खर्चाचें एक खातें झालें. खोलीभाडें, खाणावळ, प्रवास, पुस्तकें, परीक्षाशुल्क, शिकवणी, हीं खातीं निराळीं. पाथर्डीस रेल्वे नाहीं. नगरपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर मोटारीनें रोज जाऊन येणें म्हणजे पैशाबरोबर दिवसाचे तीन तास खर्ची घालणें होय. कर्ज काढावयाचें असल्यास त्याचें व्याजही आजच मांडावें. चार लाख रुपये दहा टक्के व्याजानें घेऊन सात वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारें ६,६४० रुपयांचा आणि एकूण फेड साडेपांच लाखांहून अधिक होते. दहा लाख रुपये त्याच दरानें दहा वर्षांत फेडावयाचे, तर हप्ता १३,२१५ रुपयांच्या घरांत आणि एकूण फेड जवळजवळ सोळा लाख. शिक्षण चालू असतांना बहुधा हप्ता भरावा लागत नाहीं, पण व्याज कांहीं थांबत नाहीं. प्रश्न असा, कीं नव्या पदवीधराचा पहिला पगार खोलीभाडें आणि जेवण भागवून हा हप्ता सोसेल काय? त्याच महाविद्यालयांतून मागील वर्षीं बाहेर पडलेल्या चार विद्यार्थ्यांना पहिला पगार विचारावा, म्हणजे उत्तर मिळतें. संस्थेच्या पत्रकांतील सर्वांत मोठा पगार हा एका विद्यार्थ्याचा असतो.

जमीन विकण्याचा हिशेब तर याहून कठीण. विकलेला एकर वहींत एकदांच दिसतो, पण त्या एकराचें बुडालेलें उत्पन्न दरवर्षीं मांडावें लागतें. आणि दुष्काळाच्या सालीं घरानें ज्याच्या आधारावर सावकाराला तोंड दिलें असतें, तो आधारही जातो. या खात्यास किंमत लावणें अवघड आहे, म्हणून तें वहींतून गाळूं नये.

जमेच्या बाजूलाही पुष्कळ असतें, तें माहितीअभावीं राहून जातें. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत. २०२४-२५ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ झालें आहे. आपला अभ्यासक्रम त्या यादींत बसतो कीं नाहीं, हें प्रवेशापूर्वीं विचारावें. पुण्यांत खेड्यांतील गरजू विद्यार्थ्यांसाठीं १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिति आहे. तिचीं मुलांमुलींचीं वसतिगृहें आहेत. पुणें विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नांवाची कमवा आणि शिका योजना आहे. ज्याला घरचा संसार किंवा नोकरी सांभाळूनच शिकणें प्राप्त आहे, त्याच्यासाठीं १९८९ सालीं नाशिकास स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, त्याची बी.कॉम. पदवी ही मान्य विद्यापीठाची पदवी होय.

चौथी कसोटी अध्यापनाची, आणि ती घरीं बसून लावतां येत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादींत विद्यापीठाचें नांव आहे कीं नाहीं, एवढें प्रथम पाहावें; बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करीत असतो. २०१६ पासून दरवर्षीं निघणारी राष्ट्रीय क्रमवारी पाहण्यास हरकत नाहीं; मात्र तींत वाणिज्याची स्वतंत्र यादी नसते आणि महाविद्यालयाचा क्रमांक हा सर्व शाखांचा मिळून असतो, याचें भान ठेवावें. त्यानंतर एक दिवस मोडून स्वतः जावें. तास नियमित होतात काय, लेखाशास्त्राच्या किती जागा भरलेल्या आहेत, ग्रंथालयांत चालू वर्षाच्या करकायद्याचीं पुस्तकें आहेत काय, संगणकावर हिशेब ठेवण्याचें काम विद्यार्थ्यांच्या हातून करवून घेतात काय, मराठींतून शिकून आलेल्या मुलीला इंग्रजीसाठीं कोणी मदत करतो काय, हे प्रश्न शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणालाही विचारतां येतात. जेथें अशा प्रश्नांचा राग येतो, तेथील उत्तर त्या रागांतच मिळालेलें असतें.

उत्तम विद्यापीठासाठीं दूर जाऊंच नये, असा या विवेचनाचा आशय नाहीं. महाराष्ट्राच्या इतिहासांत अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठीं सर्वांत दूर आणि सर्वांत खडतर वाटेनें गेलेला विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें सार्वजनिक वित्त शिकविणारे प्रोफेसर सेलिग्मन होते. १९१६ सालीं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. पुढें १९१८ ते १९२० या काळांत त्यांनीं सिडनहॅम महाविद्यालयांत अध्यापक म्हणून काम केलें, पैसा साठविला, शाहू महाराजांचें साहाय्य घेतलें आणि ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ सालीं त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथास त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि तीही आपल्या शिष्याचीं कित्येक मतें मान्य नसल्याचें स्पष्ट सांगून. मतभेद असूनही शिष्याच्या ग्रंथाची पाठ राखणारा असा गुरु ज्या विद्यापीठांत भेटतो, तेथें जाण्यासाठीं समुद्र ओलांडणें योग्यच. पण त्या चरित्रांतील दुसरा धडाही विसरूं नये. एवढ्या असामान्य विद्यार्थ्यालाही पैशाची मुदत संपतांच परत यावें लागलें. यास्तव साधारण घरानें पहिल्या वर्षाच्या शुल्काची नव्हे, तर शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यापर्यंतची तरतूद मांडून मगच पाऊल उचलावें.

आतां त्या खेड्यांतल्या घरीं परत यावें. मुलीनें चार पानें आंखलीं आहेत: पाथर्डी, नगर, पुणें आणि तें खासगी विद्यापीठ. प्रत्येक पानावर डावीकडे मिळणारें आणि उजवीकडे जाणारें, असें तिनें लिहिलें आहे. तिला सनदी लेखापाल व्हावयाचें आहे. खासगी विद्यापीठाच्या पानावर इमारतीखेरीज डावीकडे फारसें कांहीं भरतां आलें नाहीं, म्हणून तें पान तिनें फाडलें. पुण्याच्या पानावर डावी बाजू भरघोस आहे. परंतु वसतिगृहांत जागा मिळाली तरच उजवी बाजू झेपते. तेव्हां अर्ज पुण्याच्या वसतिगृहाला करावा. जागा मिळाल्यास पुणें, न मिळाल्यास नगरांत राहून बी.कॉम., बरोबरीनें फाउंडेशन, आणि उमेदवारीच्या वेळीं पुण्यास जावें, असा तिचा निर्णय झाला. दुसऱ्या एखाद्या मुलीची वही निराळें उत्तर देईल. जिच्या घरीं आजारी माणूस आहे तिला पाथर्डी योग्य ठरेल. जिला शेअरबाजाराचें आणि बँकांचें वित्त शिकावयाचें आहे तिला मुंबईचा खर्च सार्थ वाटेल. उत्तर प्रामाणिक हिशेबांतून आलेलें असलें म्हणजे झालें.

बापाला ती वही वाचून दाखविली गेली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें एवढेंच विचारलें, कीं एकर विकावयाचा नसेल तर यंदा त्यांत तूर घ्यावी कीं बाजरी. आईनें तिच्या प्रश्नाचें उत्तर मागितलें तेव्हां मुलीनें सांगितलें, "बरंचसं इथंही शिकवितात, आई. जें इथं नाहीं, त्याच्यापुरतं लांब जायचं."